वेलचेरीतील पालकांपुढे सहावीच्या प्रवेशाचा पेच

चेन्नई शहराच्या दक्षिण भागातील वेलचेरी येथे पाचवी उत्तीर्ण झालेल्या मुलाला कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न आता केवळ फी आणि इंग्रजी माध्यम यांपुरता उरलेला नाही. तमिळनाडू शासनाने 2020 पासून घेतलेल्या काही निर्णयांमुळे सहावीच्या प्रवेशाचा परिणाम थेट बारावीनंतरच्या शिक्षणावर होऊ लागला आहे.

पल्लीकरणै पाणथळीलगतच्या या भागात 2007 मध्ये शहरांतर्गत उन्नत रेल्वे पोहोचली. जवळच्या तरमणी आणि जुन्या महाबलीपुरम मार्गावरील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांमुळे येथे नोकरदार वर्ग वाढला. त्यांच्या इमारतींच्या आसपासच घरकाम, बांधकाम आणि वाहनचालकाचे काम करणारी कुटुंबेही राहतात. पहिल्या वर्गातील पालक सहसा केंद्रीय मंडळाची खासगी शाळा निवडतात. सरकारी शाळेचा दर्जा हा खऱ्या अर्थाने दुसऱ्या वर्गाच्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

दर्जा पारखण्याची पालकांची साधने मोजकीच असतात. इंग्रजी माध्यम आहे का, स्वच्छतागृहे वापरण्याजोगी आहेत का, शिक्षक नियमित येतात का आणि निकाल किती लागतो, हे ते पाहतात. यांपैकी इंग्रजी माध्यमाच्या तुकड्या राज्यातील सरकारी शाळांत 2012-13 पासून मोठ्या प्रमाणावर सुरू झाल्या. निकालाचा आकडा मात्र फसवा ठरू शकतो. 2025 मध्ये राज्याचा बारावीचा एकूण निकाल 95 टक्क्यांवर, तर सरकारी शाळांचा सुमारे 92 टक्के होता. बहुतेक सर्वच विद्यार्थी उत्तीर्ण होत असतील, तर उत्तीर्णांच्या टक्केवारीवरून अध्यापनाची पारख कशी करायची?

हा फरक वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी उघड झाला. 2017 पासून तमिळनाडूत वैद्यकीय प्रवेश 'नीट' या राष्ट्रीय परीक्षेच्या आधारे होऊ लागले आणि त्यानंतरच्या वर्षांत सरकारी शाळांतील अत्यल्प मुलांना त्यात स्थान मिळाले. खासगी शिकवणीचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेर होता. यावर उपाय म्हणून 2020 मध्ये राज्याने कायदा करून सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय प्रवेशात 7.5 टक्के जागा राखून ठेवल्या. पहिल्याच वर्षी 300 हून अधिक विद्यार्थ्यांना एमबीबीएसला प्रवेश मिळाला. 2021 मध्ये अभियांत्रिकी, कृषी आणि विधी यांसारख्या अभ्यासक्रमांनाही हे तत्त्व लागू झाले. वैद्यकीय प्रवेशाचा कायदा मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये वैध ठरवला.

या सवलतीची अट महत्त्वाची आहे. विद्यार्थी सहावी ते बारावी सलग सरकारी शाळेत शिकलेला असावा लागतो. शिक्षणहक्क कायद्यातील 25 टक्के कोट्यातून आठवीपर्यंत खासगी शाळेत शिकून नववीपासून सरकारी शाळेत आलेल्यांचा एवढाच अपवाद आहे. महाविद्यालयीन विद्यार्थिनींना दरमहा 1,000 रुपये देणारी 'पुदुमै पेण' योजना सप्टेंबर 2022 मध्ये सुरू झाली, तेव्हा तिलाही सहावीपासूनच्या सरकारी शिक्षणाचीच अट होती.

म्हणजे ज्या वेलचेरीतील कुटुंबाने पोटाला चिमटा काढून मुलीला सहावी-सातवीपर्यंत स्वतःच्या खर्चाने लहानशा खासगी शाळेत ठेवले आणि करोनाकाळात रोजगार बुडाल्यावर सरकारी शाळेत आणले, ते कुटुंब गरीब असूनही 7.5 टक्क्यांच्या बाहेर राहिले. कोटा न मिळालेल्या पालकांच्या दृष्टीने हा नियम कठोरच म्हणावा लागेल.

त्या काळात देशभर असे स्थलांतर झाले. 'असर' या पाहणीनुसार ग्रामीण भारतात 6 ते 14 वयोगटातील सरकारी शाळांत दाखल मुलांचे प्रमाण 2018 मध्ये 65.6 टक्के होते, ते 2022 मध्ये 72.9 टक्क्यांवर गेले आणि 2024 मध्ये पुन्हा 66.8 टक्क्यांवर आले. ही पाहणी शहरांना लागू नाही, परंतु हाती पैसा आला की पालक खासगी शाळेकडे वळतात, हे तीतून दिसते.

बदलीवर चेन्नईस आलेल्या मराठी कुटुंबांची अडचण निराळी. राज्याने 1968 पासून द्विभाषा धोरण स्वीकारले असून 2006 च्या कायद्याने दहावीपर्यंत तमिळ टप्प्याटप्प्याने सक्तीची केली. दोन-तीन वर्षांत पुन्हा बदली अपेक्षित असलेल्या पालकांना त्यामुळे राज्य मंडळाची शाळा, मग ती कितीही चांगली असो, सोयीची वाटत नाही.

पालकांना आपले मत नोंदवण्याची कायदेशीर जागा आहे ती शाळा व्यवस्थापन समितीची. शिक्षणहक्क कायद्यानुसार तिच्यातील तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. तमिळनाडूने 2022 मध्ये या समित्यांची 20 सदस्यांसह नव्याने रचना केली. तथापि मूळ कायदा आठवीपर्यंतच लागू आहे. नववी ते बारावीच्या पालकांचा सहभाग योजनांच्या मार्गदर्शक सूचनांवर अवलंबून राहतो, आणि योजना निधीवर.

निधीचा प्रश्न 2024 नंतर चिघळला. केंद्राच्या 'पीएम श्री' योजनेच्या करारावर राज्याने स्वाक्षरी न केल्याने समग्र शिक्षा अभियानाचे 2024-25 साठीचे 2,152 कोटी रुपये अडकल्याची तक्रार राज्य शासनाने केली. या वादात 25 टक्के कोट्याची 2025-26 ची प्रवेशप्रक्रियाही रखडली. ती ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झाली, तोवर शैक्षणिक वर्षाचे चार महिने उलटले होते.