हिवऱ्याची औषधी बाग

नारायणगावाजवळ हिवरे नावाचे गाव आहे. मीना नदीचे खोरे, द्राक्षांचे मांडव, टोमॅटोचे फड. वाटसरूने मुद्दाम थांबावे असे काही दिसत नाही. वनस्पतिशास्त्राच्या जुन्या इंग्रजी ग्रंथांत मात्र ‘हेवरा’ हे नाव पुन्हा पुन्हा येते. कित्येक वर्षे मी ते परप्रांतातले गाव समजत होतो. ते आपल्या जुन्नर तालुक्यातले हिवरेच, हे कळले तेव्हा स्वतःचेच हसू आले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबई सरकारची औषधी वनस्पतींची बाग इथे होती. ती नावारूपाला आणली डॉ. अलेक्झांडर गिब्सन (१८००–१८६७) या स्कॉटिश शल्यवैद्याने. पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी वनस्पती उद्यानाचा तो १८३८ पासून अधीक्षक होता. दापोडीची बाग गव्हर्नरच्या बंगल्याभोवतीची, तिला थोडी ऐट होती. हिवऱ्याची बाग मात्र कष्टाची. फौजेच्या इस्पितळांना लागणारी औषधे विलायतेहून यायची, महाग पडायची, बोटीच्या लांब प्रवासात त्यांचा गुणही उतरायचा. तीच इथे पिकवावीत, असा हा सरळ हिशेब होता.

जागाही त्याला साजेशी. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक उंची, कोरडी हवा, बऱ्यापैकी थंडी. खुरासानी ओवा हे मूळचे थंड मुलखातले झाड आपल्याकडे रब्बीसारखे हिवाळ्यात घ्यावे लागते. त्याच्या ताज्या पाल्याचा रस मंद आचेवर आटवून घट्ट सत्त्व काढत. ते वेदनेवर आणि पेटक्यांवर देत. सोनामुखीला पाणी बेताचेच लागते, तिची पाने वाळवून रेचक म्हणून वापरत.

गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला आणि १८६० पर्यंत त्या पदावर राहिला. जंगल तुटले की झरे आटतात, हे त्याने सरकारला बजावले. पण डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीवर त्याचा रोख होता, आणि त्या धोरणाची झळ डोंगरात राहणाऱ्यांना बसली. भीमाशंकरच्या बाजूला ज्यांचे पूर्वज राब भाजून नाचणी-वरई पिकवत, त्यांना गिब्सनचे कौतुक सांगताना माझी जीभ जरा अडखळते.

१८४७ ते १८५० या काळात त्याने एका हिंदी चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रे काढून घेतली. त्यांतली सुमारे १७० चित्रे एडिनबरोच्या राजकीय वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर देखणा ग्रंथ काढला. साहेबाचे सगळे चरित्र उपलब्ध आहे. चित्रकाराचे नावसुद्धा नाही.

जपणुकीचा प्रश्न इथे येतो. किल्ला पडला तरी जोते उरते. बाग दोन पिढ्यांत नांगराखाली जाते. १८७३ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या गणेशखिंड उद्यानाला २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, कारण तिथे झाडे उभी होती. हिवऱ्यात आधी जुने गट, विहिरी, पाट आणि शेतांची बोलीतली नावे नकाशावर मांडावी लागतील. गावातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांना आत्ताच विचारायला हवे. आणि मोडी वाचणारा एखादा तरुण पुण्याच्या पुराभिलेखागारात बसवायला हवा. बागेत पाणी धरणाऱ्या, पाला खुडणाऱ्या माळ्यांची नावे कुठे असलीच, तर ती पगाराच्या मोडी यादीत असतील.