पर्जन्यछायेतला नवा चेंडू

अमेरिकेतल्या बेसबॉल संघांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी एकच घोर लागलेला असतो: पुढच्या हंगामात सामन्याचा पहिला चेंडू टाकायला माणसं कुठून आणायची? १६२ सामन्यांचा हंगाम आणि सुरुवात करणाऱ्या पिचरचा हात साधारण पाच दिवसांतून एकदाच चालतो. म्हणजे असे किमान पाच जण हवेत, आणि त्यातल्या एखाद्या-दुसऱ्याचं कोपर दर वर्षी दगा देतं. तरीही त्यांचा शोध आंधळा नसतो, कारण मागच्या उन्हाळ्यात टाकलेल्या प्रत्येक चेंडूची नोंद समोर असते. महाराष्ट्राच्या रणजी संघाचा घोर याच जातीचा आहे. फरक रिकाम्या महिन्यांचा. त्यांचा हिवाळा, आपला पावसाळा. ऑक्टोबरात रणजी सुरू होते, म्हणून नवा चेंडू टाकणारे हात जून ते सप्टेंबर या काळात हुडकायचे. आणि नेमक्या याच काळात मावळातल्या गहुंजेच्या मैदानावर सगळ्यात जास्त राबतात ती आच्छादनं. वेगवान गोलंदाज आपल्याकडे जन्मत नाहीत, हे रडगाणं खरं नाही. आपण त्यांना पारखतो ते भिजलेल्या ठिकाणी आणि घाईघाईत. पारखण्याचं काम मावळातून उचलून पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बारामती-इंदापूरच्या पर्जन्यछायेत, वरकुट्यासारख्या गावांच्या शिवेवर नेलं, तर निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

इतिहास थोडक्यात उरकता येतो. महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला तो १९३९-४० आणि १९४०-४१ या लागोपाठच्या दोन हंगामांत. त्यानंतर कधीच नाही. २०१३-१४ मध्ये संघ अंतिम फेरीत पोचला आणि कर्नाटकाकडून हरला. या सगळ्या काळात फलंदाजांची वानवा फारशी नव्हती. वानवा कशाची होती ते श्रीरामपूरकडे पाहिलं की कळतं. झहीर खान तिथला, साखर कारखान्यांच्या मुलखातला, महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या हद्दीतला. विशीच्या आत तो मुंबईत आला, नॅशनल क्रिकेट क्लबात सुधीर नाईकांच्या हाताखाली घडला, चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये गेला आणि रणजी खेळला तो बडोद्याकडून. २०००-०१ मध्ये बडोद्याने करंडक जिंकला तेव्हा झहीर त्या संघात होता. पुढे भारतासाठी ९२ कसोटी सामने आणि ३११ बळी. महाराष्ट्रासाठी रणजीचा एकही सामना नाही. हा अपवाद आहे, असं म्हणता येईल. पण दोनशे-अडीचशे किलोमीटरच्या परिघातला असा हात एकदाही आपल्या चाळणीवर थांबत नाही, तेव्हा चाळणीची भोकं मोजायला हवीत.

भोक कुठे आहे ते निवड चाचणीत दिसतं. शेकडो मुलं येतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला मोजके चेंडू येतात. त्यात निवडणाऱ्याच्या डोळ्यांत भरतो तो वेग. पण इंदापूर तालुक्यातला मुलगा वाढलेला असतो टेनिस बॉलवर. त्या चेंडूचं वजन साठ ग्रॅमच्याही आत. सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. जवळजवळ पावणेतीन पट. हलका चेंडू नुसत्या खांद्याच्या झटक्याने पळतो, त्याला शिवण नसते, आणि शिवणच नाही म्हटल्यावर मनगट सरळ ठेवण्याची गरजही कधी पडत नाही. जड चेंडू पूर्ण अंग मागतो. उजव्या हाताचा गोलंदाज शेवटच्या पावलाला डावी टाच रोवतो, तेव्हा त्याच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या एका पायावर येतो. गुडघा ताठ राहिला तर तो भार वर चढून चेंडूला वेग देतो. नितंब एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला वळत असतील, तर तोच भार कमरेच्या खालच्या मणक्यांत पीळ घालतो. हाड एका चेंडूने मोडत नाही. ते हजारो चेंडूंनी झिजत जातं आणि एका सकाळी पाठ धरते. महाराष्ट्राच्याच मुकेश चौधरीने आयपीएलच्या २०२२ च्या हंगामात चेन्नईसाठी १६ बळी घेतले, आणि पुढचा हंगाम त्याला ताणाने आलेल्या फ्रॅक्चरमुळे बाहेर बसून काढावा लागला. नुसता वेग पाहून माणूस निवडण्याचा प्रयोग बेसबॉलनेही करून पाहिला आहे, तोही भारतातच. २००८ च्या ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेत उत्तर प्रदेशातला रिंकू सिंग ताशी ८७ मैलांनी, म्हणजे १४० किलोमीटरने, चेंडू फेकून जिंकला. तो मुळात भालाफेकीतला. त्याला आणि दिनेश पटेलला पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं, पण मुख्य लीगपर्यंत दोघांपैकी कुणीच पोचलं नाही. हात होता, वर्षानुवर्षं तेच काम केलेलं अंग नव्हतं. चाचणीच्या सहा चेंडूंत हे अंग दिसत नाही. ते दिसतं तिसऱ्या आठवड्यात, दिवसातल्या तिसऱ्या स्पेलला, टप्पा आखूड पडायला लागतो तेव्हा.

म्हणून मुद्दा येतो पावसाचा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि गहुंजेही त्याच मावळात येतं. इंदापूर तालुक्यात पाचशेच्या आसपास, तोही बराचसा सप्टेंबरात परतीच्या वाटेवरचा. जून-जुलैत वरकुट्याच्या माथ्यावरून ढग नुसते धावत जातात; शेतकऱ्याच्या जिवाला लागणारी ही गोष्ट गोलंदाजाला मात्र सोयीची आहे. सलग सहा आठवडे सीझन बॉल टाकता येईल, रोज किती चेंडू पडले ते वहीत मांडता येईल, चित्रण करून खांदे-नितंबांचा कोन पाहता येईल. मैदानही नव्याने उभारायला नको. बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर फेब्रुवारी २०२० मध्ये महाराष्ट्र आणि उत्तराखंड यांचा रणजी सामना झालेला आहे. म्हणजे प्रथम श्रेणीच्या तोलाची खेळपट्टी तिथे होऊ शकते, हे सिद्ध झालंय. राहिला प्रश्न मुलांचा. गावोगावच्या चषकांचा मोसम दिवाळीनंतर मेपर्यंत चालतो, आणि तेव्हा निवडणारे रणजीच्या मागे असतात. दोन पंचांगं एकमेकांना भेटतच नाहीत. भेटलीच तर याच कोरड्या पावसाळ्यात भेटतील.

यावर पहिला आक्षेप असा की शोधायचं कशाला, आणावं बाहेरून. २०२५-२६ साठी महाराष्ट्राने केरळकडून जलज सक्सेनाला आणलं. रणजीत सहा हजार धावा आणि चारशे बळी असा दुहेरी पल्ला गाठणारा तो पहिला खेळाडू. निवड शहाणपणाची होती, यात वाद नाही. पण तो ऑफ स्पिनर, वय चाळिशीकडे झुकलेलं. नव्या चेंडूची जागा त्याने भरत नाही. (गंमत म्हणजे पहिल्याच सामन्यात, तेही केरळविरुद्धच, संघ ५ बाद १८ झाला असताना तो कामी आला ते बॅट घेऊन, ४९ धावा केल्या.) दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: २०२३ पासून दर जूनला महाराष्ट्र प्रीमियर लीग भरते, तीत नवी मुलं दिसतातच की. दिसतात, नक्की, पण चार षटकांपुरती. चार षटकं टाकणारा दिवसाला वीस षटकं टाकू शकतो का, हे त्यातून कळत नाही. शिवाय पहिल्या हंगामाचा अंतिम सामनाही पावसाच्या तावडीतून सुटला नव्हता.

अडचणी मात्र खऱ्या आहेत, आणि पहिली पाण्याचीच. पाऊस नसतो म्हणून जिथे जायचं, तिथे खेळपट्टी मुरवायला पाणीही जपूनच मिळणार. उजनीच्या फुगवट्याजवळच्या गावांना आणि नीरेच्या कालव्याच्या भिजणीतल्यांना ते जमेल, माळावरच्यांना नाही. तिथे मॅटिंग अंथरावं लागेल, आणि मॅटिंगवर स्पाइक्सचे बूट चालत नाहीत, चेंडूची उसळीही फसवी असते. काळी माती सुकली की हातभर भेगा पडतात. दुसरी अडचण वाऱ्याची. आषाढात पश्चिमेचा वारा त्या उघड्या माळांवर असा सुटतो की साधा गोलंदाजही एका टोकाकडून चेंडू वळवतो आणि चांगल्याचा दुसऱ्या टोकाकडून रनअप मोडतो. पारखणाऱ्याने दोन्ही टोकांकडून पाहिल्याशिवाय तिथे कुणाच्या नावापुढे खूण करू नये. सीझन बॉल महाग, तो लवकर मऊ पडतो, आणि सहा आठवडे रोज टाकायचे तर पेट्याच लागतात.

सगळ्यात चिवट अडचण पैशाची आहे. रणजीत निवड झालेल्या नवख्याला २०२१ च्या दरवाढीनंतर दिवसाला ४०,००० रुपये मिळतात; पण ते अकरात नाव आल्यावर. त्याआधीची चार-पाच वर्षं हातात काही नाही. उलट टेनिस बॉलवर रविवारच्या एका चषकात रोख रक्कम सुटते, वर बेस्ट बॉलरचं बक्षीस वेगळं. आणि २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर सुरू झालेल्या आयएसपीएल या टेनिस बॉल लीगमुळे तिथल्या गोलंदाजालाही लिलावात भाव येऊ लागला आहे. वरकुट्याच्या एखाद्या पोराने घरचा ऊस, दुधाच्या धारा आणि ही रोकड सोडून सहा आठवडे बारामतीत वजनदार चेंडू का टाकावा, याचं उत्तर संघटनेला दैनिक भत्त्याच्या आकड्यात द्यावं लागेल. तो आकडा जूनच्या आधी ठरायला हवा, कारण एकदा उसाच्या आडसाली लागणीची गडबड सुरू झाली की घरचे त्याला सोडणार नाहीत.