कादंबरी आपली, पैसे आपले. मग हक्क कुणाचा?

कादंबरी लिहून हातावेगळी झाली, की तरुण लेखिकेची खरी परीक्षा सुरू होते. दोन-तीन ठिकाणांहून हस्तलिखित 'साभार परत' येतं. मग कुणीतरी सुचवतं, "अगं, तूच का नाही छापत?" विचार मुळीच वाईट नाही. पण साठवलेले पैसे त्यात घालण्यापूर्वी दोन गोष्टी पक्क्या समजून घ्यायला हव्यात. एक हिशेब, दुसरा हक्क.

पदरमोड करून पुस्तक काढण्यात कमीपणा कसला? इंग्लंडमधल्या जेन ऑस्टिननेही तेच केले. 1811 साली तिची 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' निघाली, ती तोट्याची जोखीम स्वतःवर घेऊनच. पुस्तकावर नावसुद्धा नाही. 'एका स्त्रीने लिहिलेली' एवढेच! तोटा येणार असे धरून बाईंनी आपल्या बेताच्या मिळकतीतून पैसे बाजूला काढून ठेवले होते. पण आवृत्ती संपली, 140 पौंड हाती आले आणि हक्कही तिचेच राहिले. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे हक्क मात्र तिने 110 पौंडांना विकून टाकले. ती 1813 साली निघाली आणि त्याच वर्षी दुसरी आवृत्तीही आली. त्या विक्रीचा नफा गेला प्रकाशकाच्या खिशात!

आता आपला हिशेब मांडू. छापखान्यात पुस्तक फर्म्यांवर मोजतात. 16 पानांचा एक फर्मा, म्हणजे 192 पानांचे 12 फर्मे. पाने शक्यतो या पटीत बसवावीत. समजा, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई, बांधणी धरून 300 प्रतींना 33,000 रुपये लागले. किंमत 250 ठेवली आणि विक्रेत्याने 40 टक्के कापले, तर हाती येतात 150. म्हणजे 220 प्रती खपतील तेव्हा कुठे घातलेले पैसे सुटतील! म्हणून आधी थोड्याच प्रती काढाव्यात. हल्ली मागणीनुसार छापून मिळतं, हे बरंच आहे.

"पैसे द्या, बाकी सारं आम्ही बघतो," असं म्हणणारे भेटतात. तिथे जरा थांबा. आय.एस.बी.एन. क्रमांकासाठी भरमसाट पैसे मागत असतील तर लक्षात ठेवा, आपल्याकडे तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो. लेखनाचा हक्क तर लिहिताक्षणीच आपला होतो. नोंदणीची सक्ती नाही. तो आपल्या हयातीत आणि नंतर 60 वर्षे टिकतो. करारात हक्क लिहून देताना मुदत घातली नसेल, तर कायदा ती 5 वर्षेच धरतो. म्हणूनच 'कायमचे' हा शब्द कुठे दडलाय का, ते नीट बघावे.

आणि हो, आपण प्रकाशक झालो की जबाबदारीही आलीच. 1954 च्या कायद्याप्रमाणे कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने धाडावी लागते.

भाजी घेतानाही आपण दोनदा निवडून घेतो ना? मग वर्षानुवर्षे जागून लिहिलेल्या कादंबरीचा करार न वाचता सही कशी करायची? पैसे एक वेळ पुन्हा साठवता येतील. दिलेला हक्क परत मिळवणं फार जड जातं.