जुना संगणक दुरून चालवताना...

बुलडाणा, खास प्रतिनिधी

बुलडाणा शहरात रेल्वे नाही. मुंबईहून रेल्वेने येणारा मलकापूरला उतरतो आणि मोताळामार्गे राजूर घाट चढून शहरात पोहोचतो. पुण्याहून येणाऱ्याची अख्खी रात्र बसमध्ये जाते. त्यामुळे नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या जिल्ह्यातील मंडळींना घरून येणारा एक फोन नेहमीच अवघड वाटतो : ‘बिलाची प्रिंट निघत नाही रे, जीएसटीचा हिशेब उघडत नाही, काय करू?’ महिन्याच्या २० तारखेला विवरणपत्र भरण्याची मुदत संपत असेल, तर या फोनमागील काळजी आणखी वाढते.

अशा वेळी ‘रिमोट डेस्कटॉप’ ही सोय उपयोगी पडते. मात्र घरातील वा दुकानातील संगणक दहा-बारा वर्षांचा जुना असेल, तर ती विचारपूर्वक बसवावी लागते.

यजमान कोण, पाहुणा कोण?

या सोयीत दोन संगणक असतात. ज्याच्यावर प्रत्यक्ष काम चालते तो यजमान आणि ज्याच्यासमोर बसून आपण ते काम पाहतो तो पाहुणा. यजमानाकडून पाहुण्याकडे येते ते केवळ स्क्रीनचे चित्र. पाहुण्याकडून जातात त्या कळफलकाच्या आणि माऊसच्या खुणा. हिशेबाची आज्ञावली, फाईल, प्रोसेसरवरचा भार हे सारे यजमानाकडेच राहते.

म्हणूनच जुना, मंद संगणक पाहुणा म्हणून उत्तम चालतो. यजमानाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्याकडे बाहेरून येण्याचा मार्ग उघडायचा असतो आणि म्हणून त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहणे अत्यावश्यक ठरते. विंडोज एक्सपीसाठी त्या ८ एप्रिल २०१४ रोजी, तर विंडोज ७ साठी १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या देण्याचे मायक्रोसॉफ्टने तेव्हा जाहीर केले होते.

समजा, खामगावच्या एखाद्या दुकानाचा सारा हिशेब विंडोज ७ च्या संगणकावर आहे. त्यालाच यजमान करण्याचा मोह टाळावा. हिशेब नव्या संगणकावर हलवावा आणि जुन्याला त्याचा पाहुणा करावे. जुन्याचा प्रोसेसर ६४ बिटचा आणि मेमरी किमान २ जीबी असेल, तर त्यावर लिनक्स मिंटची हलकी ‘एक्सएफसीई’ आवृत्ती आणि ‘रेमिना’ ही मोफत आज्ञावली बसवता येते. विंडोज यजमानाशी रेमिना सहज जोडली जाते.

जोडणी करण्यापूर्वी

विंडोजमधील रिमोट डेस्कटॉप २००१ मध्ये एक्सपीच्या ‘प्रोफेशनल’ आवृत्तीसोबत सामान्य संगणकांवर आला. ‘होम’ आवृत्तीला यजमान होण्याची मुभा तेव्हाही नव्हती आणि विंडोज ११ मध्येही नाही. त्यामुळे सेटिंग्जमधील ‘सिस्टीम’ आणि ‘अबाऊट’ येथे आपली आवृत्ती आधी पाहावी. ती ‘प्रो’ असल्यास सिस्टीममधील ‘रिमोट डेस्कटॉप’ हे बटण सुरू करावे आणि तेथे दिसणारे संगणकाचे नाव टिपून घ्यावे.

दोन गोष्टी येथे हमखास अडतात. ज्या खात्याला पासवर्ड नाही, त्या खात्याने बाहेरून प्रवेश मिळत नाही. रोज वापरायचा चार आकडी पिनही येथे चालत नाही, खात्याचा मूळ पासवर्डच लागतो. दुसरे म्हणजे आपण दुरून प्रवेश केला की यजमानासमोर बसलेल्या व्यक्तीची स्क्रीन कुलूपबंद होते. वडिलांना काम करून दाखवायचे असेल, तर ही सोय उपयोगाची नाही. त्यासाठी विंडोजमधील ‘क्विक असिस्ट’ वापरावे. त्यात दोघांना एकच स्क्रीन दिसते आणि ते ‘होम’ आवृत्तीवरही चालते.

ग्रामीण भागात वीज जाते, हेही ध्यानात ठेवावे. यजमान संगणकाची आपोआप ‘स्लीप’ होण्याची सोय बंद करावी. बायोसमध्ये वीज परतताच संगणक सुरू होण्याचा पर्याय असल्यास तो निवडावा.

चित्र हलके करा

पाहुणा विंडोजचा असेल, तर ‘रन’मध्ये एम-एस-टी-एस-सी ही पाच इंग्रजी अक्षरे टंकित करून खिडकी उघडावी आणि ‘शो ऑप्शन्स’ दाबावे. जुन्या संगणकासाठी खरी मेहनत येथेच आहे. ‘डिस्प्ले’मध्ये स्क्रीनचा आकार लहान घ्यावा आणि रंग ३२ ऐवजी १६ बिट ठेवावेत, प्रत्येक बिंदूमागे येणारी माहिती त्यामुळे निम्मी होते. हिशेबाच्या आकड्यांना याहून अधिक रंग लागत नाहीत. ‘एक्स्पिरियन्स’मध्ये पार्श्वचित्र, अक्षरांची गुळगुळीत कडा आणि खिडक्यांचे हलते परिणाम यांवरील खुणा काढाव्यात. ‘पर्सिस्टंट बिटमॅप कॅशिंग’ची खूण मात्र राहू द्यावी, एकदा आलेली चित्रे डिस्कवर साठवली जात असल्याने ती पुन्हा मागवावी लागत नाहीत.

‘लोकल रिसोर्सेस’मध्ये प्रिंटरची खूण ठेवल्यास दुरून काढलेले बिल आपल्या समोरच्या प्रिंटरवर छापता येते. आपल्या डिस्क मात्र जोडू नयेत. एका संगणकातील व्हायरसला दुसऱ्याकडे जाण्याचा तो मार्ग ठरू शकतो.

दार उघडे ठेवू नका

रिमोट डेस्कटॉप ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो. अनेक जण राऊटरमधून हा पोर्ट थेट इंटरनेटवर खुला करतात. ही सर्वांत घातक चूक होय. असे खुले पोर्ट शोधणाऱ्या आज्ञावली अहोरात्र फिरत असतात. मे २०१९ मध्ये या सोयीत ‘ब्लूकीप’ हा दोष उघडकीस आला, तेव्हा पासवर्ड न देताही जुन्या संगणकात शिरण्याची शक्यता निर्माण झाली. धोका एवढा गंभीर होता, की मायक्रोसॉफ्टने पाच वर्षांपूर्वी आधार थांबवलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली.

दुकानातल्या दुकानात जोडणी हवी असेल, तर पोर्ट बाहेर खुला करण्याची गरजच नाही. बाहेरगावाहून यायचे असल्यास आधी व्हीपीएनने आतल्या जाळ्यात शिरावे किंवा ‘क्रोम रिमोट डेस्कटॉप’सारखी आज्ञावली वापरावी. तिच्यासाठी राऊटरला हात लावावा लागत नाही. स्वतःच्या खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी तेवढी सुरू ठेवावी.

तांत्रिक दोषाइतकाच धोका फोनवरील गोड बोलण्याचाही आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘एनीडेस्क’ या अॅपद्वारे होणाऱ्या फसवणुकीबाबत बँकांना सावध केले होते. अॅप प्रामाणिक असते. कोड मागणारा भामटा असतो. म्हणून घरच्या मंडळींना एक नियम समजावून सांगावा : मदतीसाठी आपण स्वतः फोन केला असेल तरच स्क्रीनचा कोड द्यायचा. बँकेतून किंवा कंपनीतून बोलतो असे सांगून कोणी तो मागितल्यास फोन ठेवून मुलाला किंवा मुलीला विचारायचे. पैसे गेलेच, तर विलंब न लावता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करायची. हा नियम आणि क्रमांक कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवूनच पुण्याची परतीची बस धरावी.