जवळचा कॅमेरा आणि लांबचा कॅमेरा

गेल्या हिवाळ्यात सुरतेहून आमच्या कार्यालयाच्या पत्त्यावर एक पत्र आले. पत्र पाठविणारे गृहस्थ तेथील एका मराठी शाळेत शिक्षक आहेत. उधना, लिंबायत, पांडेसरा या सुरतेच्या भागांत खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे फार मोठ्या संख्येने राहतात व त्यांपैकी पुष्कळांचा चरितार्थ यंत्रमागांवर चालतो, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहेच. उधना-जळगाव लोहमार्गावरील गाड्यांत बसलेल्या प्रवाशांची बोली ऐकली म्हणजे राज्याची सीमा नेमकी कोठे ओलांडली हे कळतही नाही. गुरुजींनी लिहिले होते की, पालकांनी आपल्या पगारातून वर्गणी काढून शाळेसाठी एक कॅमेरा घेण्याचे ठरविले आहे. दुकानदाराने दोन कॅमेरे दाखविले. एकाचे भिंग स्थिर असून त्यात दृश्य जवळ आणण्याची सोय नाही. दुसरा मात्र दूरची वस्तू ऐंशी पटींहून अधिक जवळ आणतो. "साहेब, दोहोंपैकी कोणता घ्यावा? पैसे एकदाच जमणार आहेत."

शेवटच्या वाक्यामुळे उत्तर दोन ओळींत देणे मला प्रशस्त वाटले नाही. दुसरेही एक कारण होते. काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यालयाने माझा सल्ला विचारला असता, मी केवळ 'इतके पट' हा आकडा पाहून दुसऱ्या प्रकारच्या कॅमेऱ्याची शिफारस केली होती. त्यानंतर तेथील एका सत्कार समारंभाची छायाचित्रे पाहण्याचा प्रसंग आला. सभागृह जुने होते, दिवे मंद होते, आणि व्यासपीठावरील वृद्ध सत्कारमूर्तींचा चेहरा एकाही छायाचित्रात स्पष्ट उमटला नव्हता. पुढे त्या सद्गृहस्थांचे निधन झाले. तो समारंभ पुन्हा घेता येणार नव्हता.

प्रथम या दोन जातींच्या कॅमेऱ्यांची ओळख करून घेऊ. पहिल्या जातीला 'रेंजफाइंडर' पद्धतीचा, म्हणजे अंतरमापक पद्धतीचा कॅमेरा म्हणतात. मूळच्या अंतरमापक कॅमेऱ्यात पुढील बाजूस एकमेकींपासून थोड्या अंतरावर दोन लहान खिडक्या असतात. त्यांतून येणाऱ्या दोन प्रतिमा डोळ्यासमोर एकत्र दिसतात. भिंगाचे कडे फिरवीत गेले असता त्या प्रतिमा एकमेकींवर सरकू लागतात आणि तंतोतंत जुळल्या की भिंग त्या अंतरावर नेमके लागले असे समजावे. आपले दोन डोळे अंतराचा अंदाज घेतात त्याचेच हे यांत्रिक रूप होय. जर्मनीतील लायका कंपनीचा छोटा कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला. अंतरमापक यंत्रणा भिंगाशी जोडलेला तिचा कॅमेरा १९३२ मध्ये निघाला, आणि १९५४ च्या 'एम ३' या नमुन्याने ही पद्धती परिपूर्णतेस नेली. फिल्मचा काळ ओसरल्यावर जपानच्या एप्सन कंपनीने २००४ मध्ये या पद्धतीचा पहिला अंकीय, म्हणजे डिजिटल, कॅमेरा काढला व २००६ मध्ये लायकानेही तसा कॅमेरा आणला.

दुकानात गुरुजींना दाखविलेला कॅमेरा मात्र खरा अंतरमापक नव्हे, हे सांगणे अवश्य आहे. २०११ मध्ये फुजीफिल्म कंपनीचा 'एक्स १००' हा कॅमेरा विक्रीस आला. त्याची ठेवण जुन्या अंतरमापक कॅमेऱ्यासारखी आहे. डोळा लावण्याची खिडकी डाव्या कोपऱ्यात आहे व उघडझापीचा वेग ठरविणारी चकती माथ्यावर आहे. अंतर जुळविण्याचे काम मात्र कॅमेरा स्वतःच करतो. भिंग एकच, न बदलता येणारे. त्याच्या अनेक सुधारित आवृत्त्या पुढे निघाल्या. २०२० मधील पाचवी व २०२४ मधील सहावी आवृत्ती विशेष गाजली.

दुसऱ्या जातीस 'ब्रिज' कॅमेरा म्हणतात. खिशात मावणारा साधा कॅमेरा आणि भिंगे बदलता येणारा मोठा कॅमेरा यांमधील हा पूल, म्हणून हे नाव. याचे भिंगही अंगचेच, परंतु ते लांब होते व आखडते. निकॉन कंपनीच्या २०१५ मधील 'पी ९००' या कॅमेऱ्यात दृश्य त्र्याऐंशी पट जवळ येत असे, तर २०१८ मधील 'पी १०००' मध्ये सव्वाशे पट. या दुसऱ्याचे वजन जवळजवळ दीड किलो आहे. चंद्रावरील विवरे त्यातून घरच्या गच्चीवरून टिपता येतात, आणि लोकांना भुरळ पडते ती याचीच.

ही भुरळ निराधार आहे असे मुळीच नाही. हिवाळ्यात सुरतेस तापीच्या पात्रावर कुरव पक्षी येतात. समजा, हातभर लांबीचा एक कुरव काठापासून पाचशे मीटर अंतरावर पाण्यात बसला आहे. स्थिर भिंगाचा कॅमेरा तितक्या अंतरावरील सुमारे पाचशे मीटर रुंदीचा देखावा एका चित्रात घेतो. चित्राच्या रुंदीत सहा हजारांवर ठिपके असले, तरी त्या पक्ष्याच्या वाट्याला जेमतेम पाच ठिपके येतात. चित्र मोठे करून पाहिले तर तेथे पांढरा डाग दिसेल. तो पक्षी आहे की तरंगणारी पिशवी, हे सांगता येणार नाही. त्र्याऐंशी पटींचा ब्रिज कॅमेरा त्याच ठिकाणाहून केवळ नऊ मीटर रुंदीचा तुकडा उचलतो व पक्ष्याला सुमारे दोनशे ठिपके मिळतात. चोच, डोळा, पंखांचा रंग ओळखू येतो. पक्षी, पलीकडच्या तीरावरील किल्ल्याचा बुरूज, धरणाच्या भिंतीवरील भेग, जवळ जाता येत नाही असे जे जे काही असेल, त्यासाठी हाच कॅमेरा.

यातही एक मेख आहे. दुपारी ऊन तापल्यावर पाण्यावरील व वाळूवरील हवा थरथरू लागते आणि अर्ध्या किलोमीटरवरील वस्तू कितीही जवळ आणली तरी ती मृगजळासारखी लवलवते. हा दोष कॅमेऱ्याचा नव्हे, हवेचा आहे. म्हणून दूरचे चित्र सकाळी लवकर घ्यावे व कॅमेरा तिकाटण्यावर किंवा निदान कठड्यावर टेकवावा.

आता कापड-कारखान्यात शिरू. गुरुजींच्या विद्यार्थ्यांचे पालक जेथे काम करतात ती मागांची शेड आणि शाळेचे सभागृह, या दोन्ही ठिकाणी प्रकाश थोडाच असतो. चित्र घडते ते सेन्सर नावाच्या पट्टीवर पडणाऱ्या प्रकाशाने. ब्रिज कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांत ही पट्टी सुमारे सहा मिलिमीटर रुंद व साडेचार मिलिमीटर उंच असते, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. उपर्युक्त स्थिर भिंगाच्या कॅमेऱ्यात ती साडेतेवीस बाय साडेपंधरा मिलिमीटर असते. क्षेत्रफळ सुमारे तेरा पट झाले. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर सारख्याच वेळात पाणी कोणात अधिक जमेल, इतका हा सरळ हिशेब आहे. त्यात भिंगाच्या छिद्राचाही भाग येतो. स्थिर भिंग 'एफ २' इतके उघडते. ब्रिज कॅमेऱ्याचे भिंग लांब करीत गेले की त्याचे छिद्र तुलनेने आकसत जाते व 'एफ ५.६' च्या पुढे जाते. त्यामुळे आणखी आठ पटींचा फरक पडतो. दोन्ही मिळून, मागच्या रांगेतून व्यासपीठ जवळ आणून घेतलेल्या चित्रास पुढे जाऊन स्थिर भिंगाने घेतलेल्या चित्राच्या शतांश प्रकाश मिळतो. ही तूट कॅमेरा प्रतिमा कृत्रिम रीतीने उजळून भरून काढतो व चेहऱ्यावर वाळू उधळल्यासारखे कण दिसू लागतात. किंवा तो झडप अधिक वेळ उघडी ठेवतो आणि हलणारा हात पुसट होतो. माझ्या त्या सत्कारमूर्तींचे नेमके हेच झाले होते. याला अपवाद म्हणून मोठी पट्टी असलेले काही ब्रिज कॅमेरेही निघाले आहेत, पण ते महाग पडतात व त्यांची झेप पंचवीस पटींपर्यंतच राहते.

ट्यूबलाइटखाली काम करताना एक पथ्य पाळावे. आपल्याकडील वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, त्यामुळे जुनी ट्यूबलाइट सेकंदात शंभर वेळा उजळते व मंदावते. अतिवेगवान उघडझाप ठेवली तर चित्रात काळपट पट्टे उमटतात. एक-पन्नासांश किंवा एक-शतांश सेकंद ठेवावा.

आतापर्यंतचा विचार यंत्राचा झाला. जवळ आणि दूर या शब्दांना दुसराही अर्थ आहे, आणि आमच्या खात्यातील इतक्या वर्षांच्या अनुभवाने मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. स्थिर भिंगाच्या कॅमेऱ्याने तीन मीटरवरून तीन मीटर रुंदीचे दृश्य मिळते. म्हणजे माणसाचे चित्र हवे तर माणसापाशी जावे लागते, दोन शब्द बोलावे लागतात, आणि नको म्हटले तर परतावे लागते. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून गौरविल्या गेलेल्या होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ मध्ये सुरतेजवळच्या नवसारी येथे झाला. त्यांच्या वापरातील रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याचे भिंग बदलता येत नसे, दृश्य जवळ आणण्याची युक्तीही त्यात नव्हती. पाऊल पुढे टाकणे हीच युक्ती. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांची राजधानीतील छायाचित्रे पाहताना छायाचित्रकार त्याच दालनात उभा होता हे जाणवत राहते.

लांबचा कॅमेरा माणसाला न विचारता त्याच्या दारात पोहोचतो. घाटावर स्नान करणाऱ्या स्त्रिया, आपत्तीनंतर मदतीच्या रांगेत उभे राहिलेले घरंदाज लोक यांची चित्रे दुरून घेण्याचा मोह शासकीय छायाचित्रकारासही होतो. मला झालेला आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला होता. अशा आपत्तीत गच्चीवर अडकलेली माणसे दुरून टिपणे उपयोगाचेच, कारण बचाव पथकाला त्यावरून जागा कळते. पाणी ओसरल्यावर घराघरांत शिरून भिंतीवरील चिखलाची रेघ, भिजलेली धान्याची कोठी, फुगलेली पुस्तके यांची नोंद घ्यावयाची असते. तेथे खोली दहा फुटांची, वीज बंद, आणि घरमालक शेजारी उभा. हे काम जवळच्या कॅमेऱ्याचे.

त्याची कोपऱ्यातील खिडकीही येथे कामास येते. तीतून पाहताना चित्राची चौकट प्रकाशाच्या रेषेने दिसते व चौकटीबाहेरचेही थोडे दिसते. कोणी आत येऊ पाहत असेल तर आधीच कळते. ब्रिज कॅमेऱ्यात डोळ्यासमोर छोटा पडदा असतो व चौकटीपलीकडे काहीच दिसत नाही. शिवाय या स्थिर भिंगातील झडप इतकी हळू वाजते की वर्गातील मूल मान वर करीत नाही.

सुरतेच्या हवेविषयी थोडेसे. मागांच्या परिसरात सुताचा कोंडा सदैव उडत असतो. लांब-आखूड होणारे भिंग भात्यासारखी हवा आत ओढते व तिच्याबरोबर हा कोंडाही आत जातो. तो काढण्यास कारागिराकडेच जावे लागते. स्थिर भिंगाला हा त्रास कमी. दमट हवेत भिंगावर बुरशी धरण्याचा धोका मात्र दोघांनाही सारखाच आहे. कॅमेरा कातड्याच्या पिशवीत बंद करून कपाटात ठेवू नये. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरावा.

खिशात मोबाईल असताना हा खर्च कशाला, असे कोणी म्हणेल. उघड्यावरील, दिवसाच्या नोंदींसाठी मोबाईल पुरेसा आहे व ग्रामपंचायतींनी त्यावरच भागवावे असे माझे मत आहे. मंद सभागृह आणि दूरचा पक्षी या दोन ठिकाणी तो अजूनही उणा पडतो.

गुरुजींना मी उलटटपाली एवढेच विचारले की, वर्षभरात शाळेला कोणती चित्रे लागतात त्याची यादी पाठवावी. यादी आली: प्रवेशोत्सव, प्रयोगशाळा, गणेशोत्सव, स्नेहसंमेलन, पारितोषिक वितरण, शिक्षक-पालक सभा, पक्षी निरीक्षणाची एक सहल. सातांपैकी सहा जवळची, त्यांतली बहुतेक छपराखालची. स्थिर भिंगाचा नवा कॅमेरा वर्गणीच्या आवाक्याबाहेर होता. म्हणून जुन्या आवृत्तीचा, वापरलेला कॅमेरा पाहावा, घेण्यापूर्वी भिंगातून उजेडाकडे पाहून बुरशीचे जाळे नाही याची खात्री करावी, आणि सहलीसाठी एक दिवस कोणाकडून ब्रिज कॅमेरा मागून आणावा, असे मी कळविले.

मार्चमध्ये त्यांचे पुन्हा पत्र आले. सोबत पारितोषिक वितरणाचे एक छायाचित्र होते. इयत्ता सातवीची मुलगी बक्षीस घेते आहे, आणि मागे दाराशी तिचे वडील, मागावरून तसेच आलेले, बनियनवर सुताचा कोंडा. दोघांचेही चेहरे ओळखू येत होते. पत्राच्या तळाशी गुरुजींनी लिहिले होते की, कुरव मात्र यंदा राहिले. ब्रिज कॅमेरा कोणी दिला नाही.