जुना खेळ, नवा खर्च: हातातल्या कन्सोलवर पोर्ट घ्यावा का?

टीव्हीला जोडायच्या कन्सोलसाठी किंवा संगणकासाठी तयार झालेला व्हिडिओ गेम दुसऱ्या यंत्रावर चालेल असा बदलून घेतला, की त्या आवृत्तीला ‘पोर्ट’ म्हणतात. मार्च २०१७मध्ये निन्टेन्डो स्विच बाजारात आला आणि हातात धरून खेळायच्या कन्सोलवर अशा पोर्टची रीघ लागली. २०११चा ‘स्कायरिम’ २०१७मध्येच स्विचवर आला, २०१५चा ‘विचर ३’ २०१९मध्ये आणि २०१०चा ‘रेड डेड रिडेम्प्शन’ थेट २०२३मध्ये. या शेवटच्या खेळाची किंमत तेरा वर्षांनंतरही ५० डॉलर होती, आणि मूळ खेळातला ऑनलाइन भाग त्यात नव्हता. जुना खेळ म्हणजे स्वस्त खेळ, हा हिशेब इथे चालत नाही.

पोर्ट करताना काय कापले गेले, हे आधी पाहावे. छोट्या यंत्राची ताकद कमी, बॅटरीही मर्यादित. त्यामुळे चित्राची स्पष्टता किंवा हालचालीची सफाई कमी करावी लागते. २०१६चा ‘डूम’ मोठ्या कन्सोलवर सेकंदाला ६० फ्रेम दाखवत असे, स्विचवर तो ३० फ्रेमवर आला. ‘विचर ३’ हातात धरून खेळताना चित्र साधारण ५४० ओळींपर्यंत उतरते. लांबची झाडे धूसर होतात, गवत विरळ दिसते. तरीही हे दोन्ही पोर्ट मेहनतीने केलेले आहेत आणि खेळताना मन रमते. उलट ‘जीटीए’च्या तीन जुन्या खेळांचा संच नोव्हेंबर २०२१मध्ये आला तेव्हा पात्रांचे चेहरे बिघडलेले होते आणि पावसाच्या जाड रेघांआड रस्ता दिसत नव्हता. तो काढणाऱ्या रॉकस्टार कंपनीला जाहीर माफी मागावी लागली, दुरुस्त्या पुढे बराच काळ चालू राहिल्या. सायबर कॅफेत त्यातला ‘व्हाइस सिटी’ खेळून मोठे झालेल्यांनी नावाच्या ओढीने पहिल्याच दिवशी पैसे भरले असतील, तर त्यांच्या पदरी निराशाच आली. म्हणून खेळ किती जुना, यापेक्षा पोर्ट कोणी आणि किती निगुतीने केला, हे महत्त्वाचे.

यूट्यूबवर पोर्टचे चित्रण पाहताना ते हातातल्या पडद्यावरचे आहे की टीव्हीला जोडलेले, हे तपासावे. दोन्हींत बराच फरक असतो. अक्षरांचा आकारही पाहावा. टीव्हीसाठी बेतलेली यादी किंवा नकाशावरची नावे स्विच लाइटच्या साडेपाच इंची पडद्यावर वाचताना डोळ्यांवर ताण येतो.

वर्धा, हिंगणघाट किंवा आर्वीच्या ग्राहकापुढे आणखी काही अडचणी आहेत. निन्टेन्डोने स्विच भारतात अधिकृतपणे विकलेला नाही. तो आयात करणाऱ्या दुकानांतून किंवा ऑनलाइन घ्यावा लागतो आणि हमी असली तर त्या विक्रेत्याचीच. डाउनलोडसाठी परदेशी विभागाचे खाते उघडावे लागते. संगणकी खेळांच्या स्टीम या ऑनलाइन दुकानात मात्र किमती रुपयांत असतात, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला खेळ खरेदीपासून चौदा दिवसांत परत करता येतो. आसुसचा हातातला कन्सोल आरओजी अ‍ॅली जुलै २०२३मध्ये भारतात ६९,९९० रुपयांना अधिकृतपणे आला. त्यावर विंडोज असल्याने संगणकासाठी आधीच घेतलेले बरेच जुने खेळ नव्याने विकत न घेता चालतात. ज्यांच्या स्टीम खात्यात असे खेळ पडून आहेत, त्यांनी तेच खेळ स्विचसाठी पुन्हा घेण्यात अर्थ नाही.

कार्ट्रिजचा डबा हातात घेतला की त्यावरची सूचना नीट वाचावी. ‘विचर ३’चे ३२ जीबीचे कार्ट्रिज दोन्ही पुरवणी कथांसह पूर्ण होते. काही डब्यांवर मात्र ‘डाउनलोड आवश्यक’ असे छापलेले असते, आणि स्विच २च्या काही कार्ट्रिजमध्ये खेळाऐवजी फक्त किल्ली असते. खेळ सगळा इंटरनेटवरून उतरवावा लागतो. गावात नेट धड चालत नसेल, तर पूर्ण कार्ट्रिजच घ्यावे. दूरच्या सर्व्हरवरून चालणाऱ्या ‘क्लाउड’ आवृत्तीच्या तर वाटेलाही जाऊ नये, कारण नेट तुटले की ती बंद पडते.

वर्ध्याचा उन्हाळाही या हिशेबात धरायला हवा. निन्टेन्डोने स्विच ५ ते ३५ अंशांत वापरावा असे सांगितले आहे, आणि मे महिन्यात इथला पारा ४५च्या वर जातो. जड पोर्ट यंत्राला जास्त तापवतो, पंखा जोरात फिरतो. दुपारी कूलरसमोर बसून खेळणे निराळे आणि पत्र्याच्या शेडखाली एसटीची वाट पाहत खेळणे निराळे.

हातातल्या कन्सोलचा खरा फायदा प्रवासात आणि वसतिगृहात मिळतो. सेवाग्राम एक्स्प्रेसने मुंबईला निघालेला विद्यार्थी ‘स्कायरिम’सारखा लांबलचक खेळ तुकड्यातुकड्याने खेळू शकतो: बटण दाबले की खेळ जिथल्या तिथे थांबतो, पुन्हा दाबले की तिथूनच सुरू होतो. २०१९पासूनच्या सुधारित स्विचची बॅटरी साडेचार ते नऊ तास टिकते; जड खेळात ती साडेचारच्या जवळपास धरावी. असा वापर होणार असेल, पोर्ट चांगला असेल आणि खेळ पूर्वी अर्धवट राहिलेला किंवा खेळायचाच राहून गेलेला असेल, तर तो जरूर घ्यावा, पण सेल लागल्यावर. घरी टीव्हीसमोरच खेळायचे असेल, तर मूळ आवृत्तीच चांगली दिसते आणि बहुतेक वेळा स्वस्तही पडते.