तेल-व्हिनेगरचे भांडण आणि मोहरी

फ्रान्समध्ये सॅलडच्या कच्च्या पानांवर तेल व व्हिनेगर यांचे 'व्हिनेग्रेत' नावाचे मिश्रण घालतात. ते तुम्हीही करून पाहा. घट्ट झाकणाच्या बाटलीत १ चमचा व्हिनेगर घ्या व त्यात चिमूटभर मीठ विरघळवा. मीठ आधीच विरघळवायचे, कारण तेलात ते विरघळत नाही. मग ३ चमचे गोडेतेल घालून बाटली जोराने हलवा. मिश्रण गढूळ होईल, पण थोड्याच वेळात तेल पुन्हा वर येईल. हलवल्याने झालेले बारीक थेंब एकमेकांना भेटून मोठे होतात आणि थर वेगळे पडतात.

आता दुसऱ्या बाटलीत हेच मिश्रण घेऊन त्यात अर्धा चमचा मोहरीची बारीक पूड घाला व तितकेच हलवा. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून घड्याळ पाहा. दुसरीतले थर सावकाश वेगळे होतात. मोहरीतील प्रथिने व सालीतील बुळबुळीत द्रव्य थेंबांभोवती बसून त्यांना एकत्र येऊ देत नाहीत. अशा मिश्रणाला पायस म्हणतात, दूधही पायसच.

मोहरीचा झणका हवा असेल, तर आई कोशिंबिरीसाठी फेसते तशी ती आधी पाण्यात फेसा. झणका निर्माण करणारे विकर पाण्यात कामाला लागते. व्हिनेगरच्या आंबटपणाने ते मंदावते.